तिसऱ्या परिच्छेदाचं कसब

संयुक्त राष्ट्रांचे ठराव सहसा कुणी चवीने वाचत नाही. पण आमसभेचा १४ डिसेंबर १९६० चा १५१४ क्रमांकाचा ठराव तसा वाचावा. वसाहतींच्या स्वातंत्र्याचा विषय सोव्हिएत संघाने काढला होता आणि त्याचा मसुदाही तयार होता. आशिया-आफ्रिकेतल्या ४३ देशांनी मात्र स्वतःचा वेगळा मसुदा मांडला. त्यांतले कित्येक तर त्याच वर्षी सभासद झालेले!

आधी प्रास्ताविकाची बांधणी पाहा. ‘आमसभा’ हा कर्ता आरंभीच येतो. मग मान्य करून, खात्री पटून, स्वागत करून अशी धातुसाधितांची लांब साखळी. नैसर्गिक संपत्तीवरचा लोकांचा हक्कही त्यातच ओवलेला. मुख्य क्रियापद येईपर्यंत वाचणाऱ्याने निम्म्याहून अधिक गोष्टी कबूल केलेल्या असतात. किती संयमी चाल ही!

खरं सौंदर्य तिसऱ्या परिच्छेदात आहे. राज्यकर्त्यांचा ठरलेला युक्तिवाद असे, की हे लोक अजून तयार नाहीत. सनदेच्या ७३ व्या कलमातही प्रगतीच्या कमी-अधिक पायऱ्यांचा उल्लेख होताच, आणि त्या वर्षी स्वतंत्र होताच पेटलेला कांगो पुराव्यादाखल दाखवता येत होता. सामान्य मसुदाकाराने ‘आम्ही तयार आहोत’ हे सिद्ध करायला घेतलं असतं. इथे तसा दावाच नाही. राजकीय, आर्थिक, सामाजिक वा शैक्षणिक तयारी अपुरी असणं, ही स्वातंत्र्य लांबवायची सबब कधीही होऊ नये, एवढंच एका वाक्यात सांगितलं आहे. चार विशेषणांनी चारही वाटा बंद केल्या, आणि स्वर कुठेही चढला नाही. या वाक्यापाशी मी दर वेळी थबकतो.

देशाच्या अखंडतेचा सहावा परिच्छेद मला तितका भावत नाही. तिथे नव्या सत्ताधाऱ्यांची आपापल्या सीमांची काळजी डोकावते.

सबंध ठरावात एकाही वसाहतवादी देशाचं नाव नाही. म्हणूनच विरोधात मत द्यायला कुणी धजलं नाही: बाजूने ८९, विरोधात शून्य. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, पोर्तुगाल यांच्यासह ९ देश तटस्थ राहिले.

नावं आली दुसऱ्या दिवशी, १५४२ क्रमांकाच्या ठरावात. पोर्तुगाल ज्यांना आपले सागरापारचे प्रांत म्हणत होता, त्या प्रदेशांची ती यादी होती, आणि तीत गोवा होता. वर्षभराने, डिसेंबर १९६१ मध्ये, गोव्यातल्या भारताच्या लष्करी कारवाईवरून सुरक्षा परिषदेत जाब विचारला गेला, तेव्हा भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी १५१४ चाच आधार घेतला.