शिंपटी आणि वळ

मुलांना ‘वळण’ लावण्याचा विषय निघाला की साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील एक प्रसंग हमखास पुढे केला जातो. पोहायला भिणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. त्यातील छडीच्या गाण्याने या समजुतीला ठेकाही दिला. परंतु माराविना मूल घडत नाही, हा निष्कर्ष वाचकांचा आहे, पुस्तकाचा नव्हे.

प्रसंग पुढे वाचावा. मारणाऱ्या आईचेच डोळे भरून येतात. आपण का मारले, हे ती मुलाला सांगते. वळ उठवणारा हात आणि ते पाहून कळवळणारे मन एकाच व्यक्तीचे आहे. निवासी शाळेत नेमके हेच नाते तुटते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा तालुक्यांतील मुले पाड्यांवरून आश्रमशाळेत येतात, तेव्हा आई डोंगरापलीकडे राहते. तेथे कोणी हात उगारला, तर ते वळ रात्री कोण पाहणार? घरी पावरी बोलणाऱ्या मुलाने आपले दुखणे प्रमाण मराठीत कोणाला सांगावे?

जेथे वळांची विचारपूस नसते, तेथे त्याहून भयंकर गोष्टीही झाकल्या जातात. २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघड झाले, ते दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्यावर. त्यांच्या तोंडून शब्द फुटला तो आपल्या माणसांत.

हा दोष केवळ सरकारी वा खासगी संस्थांचा मानून आपणास मोकळे होता येणार नाही. कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांपैकी अनेक कॅथोलिक संस्थांनी चालवल्या. २५ जुलै २०२२ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी आल्बर्टा प्रांतातील मास्क्वासिस येथे जाऊन त्याबद्दल क्षमायाचना केली. त्या शाळांतही ‘मुलांचे भले’ हाच शब्द वापरला जात होता.

साने गुरुजी स्वतः आपल्याच खानदेशात, अमळनेरच्या छात्रालयाचे प्रमुख होते. मुलांची अंथरुणे स्वतः आवरून ठेवणारे गुरुजी, अशीच त्यांची आठवण सांगितली जाते. छडीचे समर्थक गुरुजींचे पुस्तक उचलतात आणि त्यांचे छात्रालय विसरतात, हे विलक्षण आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक गुन्ह्याची माहिती असूनही ती दडवणे दंडनीय ठरवले. तरीही एखाद्या वसतिगृहाला श्यामच्या आईचा दाखला द्यायचाच असेल, तर त्याने आधी एवढेच सांगावे: आई न कळवता भेटीस आली, तर तिला मुलाची पाठ पाहता येते काय?