हरवलेलं मेंढरू आणि लिंगोचं गाणं

परग्रहावर जीव सापडला तर ख्रिस्ती श्रद्धेचं काय होईल, हा आजचा विषय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या श्रोत्यांना तो फार लांबचा वाटेल. वाघ, कोळसा आणि जंगल एवढे प्रश्न आपल्याला पुरे आहेत. पण आमचं म्हणणं असं, की या प्रश्नाची एक पूर्वपरीक्षा दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखाच्या आसपास होऊन गेली आहे.

आधी प्रश्न नीट मांडू. मंगळावर उद्या शेवाळ सापडलं, तर कुणाची प्रार्थना थांबणार नाही. अडचण येते ती बऱ्यावाइटाचा विचार करणाऱ्या जीवांपाशी. देव एकदाच येशूच्या रूपाने माणूस झाला, क्रुसावर मेला, पुन्हा उठला आणि हे सर्वांसाठी झालं, असं ख्रिस्ती धर्म सांगतो. मग या 'सर्वां'त दुसऱ्या ग्रहावरचे येतात का? येत असतील, तर त्यांना ही वार्ता कळणार कशी? थॉमस पेन याने 1794 मध्ये 'द एज ऑफ रीझन'मध्ये नेमका इथेच टोला मारला होता. जगं अनेक असतील, तर ही सगळी कथा फार लहान वाटू लागते, असा त्याचा रोख.

त्याला गाजलेलं उत्तर दिलं स्कॉटलंडच्या थॉमस चामर्स या धर्मोपदेशकाने. ग्लासगोच्या चर्चमध्ये त्याने खगोलशास्त्रावर प्रवचनं दिली, ती 1817 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याचा एक मुद्दा आजही ताजा आहे. दुर्बिणीने आपल्याला अफाट जगं दाखवली, तशी सूक्ष्मदर्शकाने थेंबातलीही जगं दाखवली. जो देव थेंबाकडे लक्ष देतो, तो पृथ्वी लहान आहे म्हणून तिला विसरेल कसा? दुसरा आधार त्याने घेतला लूकच्या शुभवर्तमानातल्या हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याचा. एका पाप्याने पश्चात्ताप केला तर स्वर्गात आनंद होतो. तसं आपल्या या भरकटलेल्या जगाबद्दल दूरच्या जगांतही कळवळा असेल. पुढे 2008 मध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख होसे फुनेस यांनीही हाच दाखला दिला: कदाचित हरवलेलं मेंढरू आपणच असू. मधे जवळपास दोनशे वर्षं गेली, चर्चही वेगळं. मेंढरू मात्र तेच!

उत्तर सुंदर आहे, नम्रही आहे. पण त्यात एक खोट आहे. या दाखल्यात मेंढरं बोलत नाहीत. हरवलेलं कोण आणि कळपातलं कोण, हे सांगणारा माणूसच असतो. समोरचा जीव स्वतःची गोष्ट सांगू लागला तर काय करायचं, याची तयारी चामर्सकडे दिसत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. 1843 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फुटून फ्री चर्च निघालं, त्याचा पुढारी हाच चामर्स. त्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून 1845 मध्ये नागपूरला आले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. ते धर्मोपदेशक होतेच, शिवाय भूगर्भशास्त्रज्ञही होते. नागपूर आणि त्याच्या दक्षिणेच्या प्रदेशातून त्यांनी जीवाश्म गोळा केले. वर्धा खोऱ्यातल्या मांगलीचा एक उभयचर प्राणी त्यांतूनच रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेला आणि त्यांनी त्याचं वर्णन केलं. सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावाचं नाव तर आज एका खडकस्तराला आहे. त्यात ज्युरासिक काळातले मासे आहेत, डायनोसॉर आहेत. वडधमचं जीवाश्म उद्यान तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

म्हणजे बघा, माणूस नव्हता तेव्हाही इथे जीवन भरभरून होतं. ते कुणासाठी होतं? केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलने 1853 मध्ये हाच धागा उलटा वापरला. पृथ्वीचा बहुतेक काळ माणसाविना गेला, मग बहुतेक अवकाशही विचारी जीवांविना असू शकतं, असा त्याचा तर्क. एवढा काळ पचवूनही हिस्लॉप शेवटपर्यंत मिशनरीच राहिले. जीवाश्मांनी त्यांची श्रद्धा मोडली नाही.

पण त्यांच्या हाती आणखी एक गोष्ट आली होती. 1863 मध्ये ते बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेम्पल यांनी 1866 मध्ये छापले. त्यांत एका परधानाकडून मिळालेलं लिंगोचं गोंडी गाणं आहे. गोंड गुहेत कोंडले जातात आणि लिंगो त्यांना सोडवतो. त्याच गाण्यात लिंगोला मारलं जातं आणि अमृताने तो पुन्हा जिवंत होतो.

आता थांबून विचार करा. मेलेला आणि पुन्हा उठलेला तारणारा, हे ज्या माणसाच्या उपदेशाचं सार, त्याच्याच कागदांत दुसऱ्या एका तारणाऱ्याचं मरण आणि उठणं. हा लिंगो येशूची नक्कल नव्हे. त्याला फूल, कावळा, डोंगर आणि गोत्रं यांचं स्वतःचं जग आहे. परग्रहाबाबत खरा पेच असाच येईल. तिथे कुणीतरी आहे, एवढ्याने फार बिघडत नाही. ते म्हणतील, "आमची सुटका आधीच झाली आहे, आणि ती कुणी केली ते आम्ही गातो." पेच तिथे आहे.

यावर धर्मशास्त्रात वाट नाही असं नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने मान्य केलं होतं, की देवाने एक मानवी देह धारण केला म्हणून त्याचं सामर्थ्य संपत नाही. तो दुसराही धारण करू शकतो. ही वाट धरली तर श्रद्धा टिकते, पण 'एकदाच'चा अर्थ नव्याने लावावा लागतो. न धरली, तर परग्रहावरही मिशनरी पाठवावे लागतील, आणि त्या वागण्याचा अनुभव आपल्या जंगलांना आहे.

आमचं मत असं: परग्रहावरच्या जीवांमुळे ख्रिस्ती श्रद्धा कोसळणार नाही. मात्र तिला समोरच्याचं गाणं ऐकून घ्यावं लागेल. हिस्लॉपनी ते निदान उतरवून घेतलं. त्या गाण्याला पुरं उत्तर देणं बाकी आहे, आणि त्यासाठी मंगळापर्यंत जायची गरज नाही. धानोरा, एटापल्लीपर्यंत गेलं तरी पुरे.