साडेअठरा टक्के, पण कशाचे?

केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण जाहीर केले. तेव्हापासून हायड्रोजनवरचे लेख, व्याख्याने आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प वाढले, ही चांगलीच गोष्ट आहे. आमची तक्रार आहे ती त्यांत हमखास आढळणाऱ्या एका तक्त्याबद्दल. हायड्रोजन साठवायला धातूंची बोरोहायड्राइडे किती उत्तम, हे सांगण्यासाठी त्यात वजनी टक्केवारी दिलेली असते: लिथियम 18.5, मॅग्नेशियम 14.9, कॅल्शियम 11.6, सोडियम 10.7. लिथियमला पहिला क्रमांक मिळतो आणि विषय तिथेच संपतो.

आकडे चुकीचे नाहीत. लिथियमचा अणुभार सुमारे 7, बोरॉनचा 11 आणि हायड्रोजनच्या चार अणूंचा 4. म्हणजे 22 भागांत 4 भाग हायड्रोजन. पण हा आकडा रेणूत हायड्रोजन किती आहे एवढेच सांगतो. तो किती निघतो, किती तापमानाला निघतो आणि पुन्हा कसा भरायचा, याबद्दल तक्ता गप्प असतो.

मानवत, सेलूकडच्या मुलांना हा फरक चटकन कळेल. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाल्यावर रुईचा उतारा किती पडला, हे महत्त्वाचे. रुई सरकीला चिकटूनच राहिली, तर तिचा उपयोग काय?

बोरोहायड्राइडात बोरॉन आणि हायड्रोजन यांच्यातील सहसंयुज बंध मजबूत असतो. त्यामुळे लिथियमच्या संयुगातून बहुतांश हायड्रोजन 400 अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यावरच निघतो. शिवाय चारांपैकी एक अणू लिथियम हायड्राइडच्या रूपाने मागे राहतो. म्हणजे उतारा 18.5 नव्हे, जेमतेम 14. मोटारीतील इंधनघट साधारण 80 अंशांवर चालतो, हे इथे लक्षात ठेवावे. हायड्रोजन परत भरायला तर 600 अंशांच्या आसपास तापमान आणि शंभराहून अधिक वातावरणांचा दाब लागतो.

धातू जितका अधिक विद्युतऋण, तितके त्याचे बोरोहायड्राइड कमी तापमानाला विघटित होते. पण अॅल्युमिनियमचे बोरोहायड्राइड हवेत आपोआप पेट घेणारा द्रव आहे. सोय एकीकडे वाढली की अडचण दुसरीकडे वाढते.

सोडियम बोरोहायड्राइडाला उष्णता लागत नाही. उत्प्रेरकाच्या सान्निध्यात पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन मिळतो. मात्र मागे उरणारे सोडियम मेटाबोरेट 25 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 28 ग्रॅमच विरघळते. ते विरघळलेले राहावे एवढे पाणी हिशेबात धरले, की 10.7 टक्के 3 टक्क्यांच्या आत येतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2007 मध्ये मोटारींसाठी या मार्गावरचे काम थांबवले, त्यामागे हेही कारण होते.

दुसरे कारण निर्मितीचे. श्लेसिंगर आणि ब्राउन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधलेल्या पद्धतीत सोडियम हायड्राइड आणि ट्रायमिथाइल बोरेट यांची सुमारे 250 अंशांना अभिक्रिया घडवतात. त्यात सोडियमच्या चार अणूंपैकी एकच बोरोहायड्राइडात जातो. तिघांचे मिथॉक्साइड बनते. आणि सोडियम धातू मिळवायला भरपूर वीज लागते. सरकी निदान पेंडीला तरी जाते. मेटाबोरेटपासून पुन्हा बोरोहायड्राइड बनवणे मात्र फार महाग पडते.

याचा अर्थ संशोधन व्यर्थ आहे असा नाही. विघटनाचे तापमान उत्प्रेरकांनी, अतिसूक्ष्म कणांनी आणि मिश्र हायड्राइडांनी खाली आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण ते का चालू आहेत, हेच तक्त्यावरून कळत नाही. विद्यार्थी प्रश्न सुटला असे समजून घरी जातो.

म्हणून शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की तक्ता फळ्यावर जरूर लिहावा, पण त्यात तीन रकाने वाढवावेत: प्रत्यक्ष मिळणारा हायड्रोजन, लागणारे तापमान आणि पुन्हा भरण्याची सोय. तुलनेसाठी 2014 साली बाजारात आलेल्या एका जपानी मोटारीची 700 वातावरण दाबाची टाकी घ्यावी. टाकीचे वजन धरूनही तिची क्षमता 5.7 टक्के आहे. वरच्या आकड्यांत भांडे, तापक आणि नळ्या यांचे वजन मुळीच धरलेले नाही. ते धरल्यावर काय उरेल, याचा अंदाज मुलांनाच करू द्यावा. प्रयोग मात्र शाळेत करू नये. ही संयुगे ओलाव्याने हायड्रोजन सोडतात आणि तो पेट घेऊ शकतो. कागद-पेन्सिल पुरेशी आहे.