फर्माईश आणि जमाखर्च

१९८८ सालच्या फेब्रुवारीच्या १० तारखेस, बुधवारी, एनिक्स या जपानी प्रकाशनसंस्थेने ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळाचा तिसरा भाग विक्रीस काढला, तेव्हा ऐन थंडीत दुकानांपुढे ज्या रांगा लागल्या, त्यांत शाळा चुकवून आलेली मुले इतकी निघाली, की पोलिसांना त्यांची दखल घ्यावी लागली; पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती खपल्या, आणि १९९० साली चौथा भाग सिद्ध झाला त्या वेळी त्याच्या प्रकाशनास रविवार मुक्रर करण्यात आला. लोकांच्या ओढीपायी एखाद्या व्यापारी पेढीने विक्रीचा वार बदलावा, ही घटना दिसावयास लहान आहे. परंतु निर्माता, धनको आणि रसिक या तिघांचे नाते या कलेत पुढे ज्या वळणांनी गेले, त्यांतील पहिले वळण मला तेथेच दिसते.

आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत फर्माईश होते ती गवयाच्या कानावर थेट पडते, आणि तो ती मान्य करतो की हसून बाजूस सारतो, याचा निवाडा त्याच रात्री होऊन जातो. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळी ‘वन्स मोअर’ची हाकही अशीच समोरासमोर येत असे, पद पुन्हा रंगे, कथानक मात्र तेवढा वेळ खोळंबून राही. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात फर्माईश आणि मैफल यांच्यामध्ये चार-पाच वर्षांचा काळ, शेकडो कारागिरांचे श्रम आणि प्रचंड भांडवल उभे असते. फर्माईश करणारा रसिक आणि खजिन्याच्या किल्ल्या बाळगणारा अधिकारी यांची गाठ सहसा पडत नाही, आणि पडलीच तर एक प्रेमाची भाषा बोलतो व दुसरा तिमाही ताळेबंदाची. जपानी प्रकाशकांच्या गेल्या तीन दशकांच्या व्यवहाराकडे पाहता माझे मत असे बनले आहे, की रसिकाने उच्चारलेला शब्द आणि त्या शब्दामागची ओढ या दोन गोष्टी ज्यांना वेगळ्या ओळखता आल्या, त्यांची कलाही टिकली आणि तिजोरीही भरली. ओढीकडे पाठ फिरवणारे फसले. परंतु शब्द जसाच्या तसा शिरोधार्य मानणारेही फारसे सुखी झाले नाहीत.

उपेक्षेचे उदाहरण द्यावयाचे तर मी ‘मदर ३’चे देईन. मूळचे जाहिरातलेखक असलेले शिगेसातो इतोई यांची ही कृती निन्टेंडोने २० एप्रिल २००६ रोजी केवळ जपानात प्रसिद्ध केली. शेकोटीभोवती जमलेल्या गावकऱ्यांसमोर पत्नीच्या मृत्यूची वार्ता ऐकताच फ्लिंट नावाचा मितभाषी शेतकरी जमिनीवर मुठी आपटू लागतो, मग शेकोटीतील लाकूड उचलून समोर येईल त्यावर घाव घालीत सुटतो, आणि त्याची दोन लहान मुले ते पाहत उभी राहतात. तळहाताएवढ्या पडद्यावर मोजक्या ठिपक्यांनी रेखाटलेल्या त्या ओबडधोबड आकृतीतून जो शोक उमटतो, तो पुढील काळातील कितीतरी खर्चिक चित्रणांना साधलेला नाही. असा खेळ इंग्रजीत यावा म्हणून रसिकांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या. प्रकाशकाच्या दप्तरी दाद लागली नाही, तेव्हा क्लाइड मॅन्डेलिन या व्यवसायाने अनुवादक असलेल्या रसिकाच्या पुढाकाराने हौशी मंडळींनी स्वतःच भाषांतर सिद्ध करून ऑक्टोबर २००८ मध्ये ते विनामूल्य खुले केले, आणि पुढे तोच मसुदा प्रकाशकाने वापरावा म्हणून कोणताही मोबदला न मागता देऊ केला. २०२४ सालच्या फेब्रुवारीत निन्टेंडोने हा खेळ आपल्या नव्या यंत्रावर आणला, तोही जपानातील सभासदांपुरताच.

प्रकाशकाची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. कथाप्रधान खेळाची संहिता कित्येकदा चार-पाच कादंबऱ्यांएवढी असते; तिचे भाषांतर, तपासणी आणि नटांकरवी ध्वनिमुद्रण हा खर्च आधी करावा लागतो, आणि तो वसूल होईल याची हमी कोणी देत नाही. म्हणूनच २०११ साली अमेरिकेतील रसिकांनी ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’साठी जी मोहीम उघडली ती मला विशेष वाटते: त्यांनी नुसती निवेदने धाडली नाहीत, तर अॅमेझॉनवर त्या खेळाची जी जुनी नोंद तशीच राहून गेली होती, तिच्यावर आगाऊ मागण्या नोंदवून तिला विक्रीच्या यादीत शिखरावर नेऊन ठेवले, म्हणजे हिशेबनिसाला हिशेबनिसाच्याच भाषेत उत्तर दिले. एप्रिल २०१२ मध्ये खेळ अमेरिकेत आला. आज ती मालिका निन्टेंडोच्या मानाच्या मालिकांत मोडते.

याहून सुंदर तोडगा निघाला तो फाल्कॉम या जुन्या, लहान संस्थेच्या बाबतीत. तिच्या प्रदीर्घ ‘ट्रेल्स’ मालिकेतील २०१० आणि २०११ सालचे दोन दुवे इंग्रजी वाचकांस अप्राप्य राहिले होते. जिओफ्रंट नावाच्या हौशी मंडळाने त्यांचे इतके काळजीपूर्वक भाषांतर केले, की अधिकृत प्रकाशकाने हौशी मंडळींवर फिर्याद लावण्याऐवजी त्यांच्याशी करार केला, आणि २०२२ व २०२३ मध्ये तेच भाषांतर संस्कारित होऊन बाजारात आले. जो ऐवज निन्टेंडोने दाराबाहेर ठेवला तसलाच येथे घरात घेतला गेला, आणि त्यात कोणाचेही नुकसान झाले नाही. सेगानेही २०१७ साली ‘सॉनिक मेनिया’चे काम, ज्यांनी पूर्वी हौसेखातर सॉनिकचे खेळ रचले होते अशा तरुणांच्याच हाती दिले आणि त्याचे उत्तम फळ तिला मिळाले.

मग रसिकांच्या हातीच खजिना दिला तर? हा प्रयोगही झाला. यू सुझुकी यांच्या ‘शेनम्यू’ची अर्धवट राहिलेली कथा पुढे न्यावी म्हणून २०१५ साली ६९ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ६३ लाख डॉलरांची वर्गणी जमा केली, केजी इनाफुने यांनी कॅपकॉम सोडल्यावर आपल्या जुन्या ‘मेगा मॅन’च्या धर्तीवर नवा खेळ रचण्यासाठी २०१३ साली ३८ लाख डॉलरांवर रक्कम उभी केली. दोन्ही ठिकाणी शब्द पाळण्याची धडपड प्रामाणिक होती. परंतु इनाफुने यांचा खेळ २०१६ साली आला तो निस्तेज, आणि ‘शेनम्यू ३’ २०१९ साली आला तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या चालीरीती त्याने इतक्या निष्ठेने सांभाळल्या होत्या, की ज्यांनी पैसे दिले त्यांतील अनेकांना तो आवडला आणि बाहेरचा मनुष्य उंबरठ्यावरूनच परतला. कथा तर अजूनही अपुरीच आहे. देणगीदाराला आपल्या बालपणाची आठवण परत हवी असते. ती कोणत्याही कलावंताला जशीच्या तशी परत करता येत नाही. तिच्या तोडीचे काही नवे निर्माण करणे एवढेच त्याच्या अखत्यारीत असते.

या दृष्टीने ‘फायनल फँटसी’च्या सातव्या भागाचे पुनर्निर्माण मला या संपूर्ण कालखंडातील सर्वांत विचारप्रवर्तक कृती वाटते. मूळ खेळ ३१ जानेवारी १९९७ चा. २००५ साली लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात, नव्या यंत्राचे सामर्थ्य दाखवावे एवढ्याच हेतूने, स्क्वेअर एनिक्सने त्याचा आरंभीचा प्रसंग नव्याने चितारून दाखवला, आणि त्या अल्पशा चित्रफितीने दशकभर शमली नाही अशी फर्माईश जन्मास घातली. घोषणा २०१५ मध्ये झाली आणि पहिला खंड १० एप्रिल २०२० रोजी आला. मूळ खेळात मिडगार हे पोलादी छपराखालचे नगर पाच-सहा तासांत मागे पडत असे. येथे त्याच नगराचा एक स्वतंत्र, भरघोस खेळ झाला. एवढ्यावर थांबते तर त्याला मी ‘वन्स मोअर’च म्हटले असते. परंतु दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कथेत झग्यांतील धूसर छायाकृतींचा एक थवा आणून सोडला: पात्रांपैकी कोणी पूर्वीच्या कथेहून निराळे पाऊल टाकू लागले, की त्या छाया झेपावतात, त्याला वेढतात आणि घटनेला पुन्हा ठरल्या रुळावर आणून ठेवतात, आणि अखेरीस नायक क्लाउड व त्याचे साथीदार शस्त्र उपसतात ते या नियतीच्या रखवालदारांवरच. ‘काहीही बदलू नका’ असे पंधरा वर्षे बजावणारा रसिक आणि त्याच्या प्रेमाने जखडला गेलेला निर्माता यांचा झगडा खुद्द खेळाच्या रणांगणावर उभा करण्याचे हे धैर्य असामान्य आहे. पुष्कळ जुने चाहते त्यामुळे दुखावले, आणि त्यांचे दुखावणे मला समजते. पण त्यांच्या ओढीस इतक्या गांभीर्याने उत्तर दुसऱ्या कोणी दिल्याचे मला आठवत नाही. २०२४ सालचा दुसरा खंड तर गुणांनी याहून सरस आहे. त्याच्यापासून अपेक्षिलेला नफा झाला नाही, अशी कबुली संस्थेनेच दिली. मात्र तो प्रथम एकाच यंत्रापुरता विकला गेला होता, आणि त्याच वर्षी संस्थेने आपले मोठे खेळ सर्व यंत्रांवर नेण्याचे धोरण जाहीर केले, ते पाहता दोष मालाचा नसून दुकानाच्या अरुंद दाराचा होता असेच मी म्हणेन.

कॅपकॉमने हाच प्रश्न अधिक व्यवहारी बुद्धीने सोडवला. ‘रेसिडेंट ईव्हिल २’चा नवा अवतार हवा, या मागणीला तिने २०१५ साली होकार दिला, २५ जानेवारी २०१९ रोजी तो आला तेव्हा १९९८ चा खिळून राहिलेला कॅमेरा गेला होता आणि नजर नायकाच्या खांद्यामागे येऊन बसली होती. फर्माईशीच्या शब्दांत हा बदल नव्हता. परंतु पोलिस ठाण्याच्या अंधाऱ्या दालनात आपण पाय न वाजवता उभे असताना वरच्या मजल्यावरून त्या राक्षसी पाठलाग्याच्या बुटांचे धप धप आवाज येऊ लागतात, आणि तो कोणत्या जिन्याने उतरेल याचा अदमास घेताना घशाला कोरड पडते, तेव्हा वीस वर्षांपूर्वीची तीच भीती नव्या वाटेने परत आल्याचे उमगते. जुना माल हा केवळ गोदामातील शिल्लक नसून भांडवल आहे, हे या संस्थेने लवकर ओळखले. (महाराष्ट्रातील गावोगावच्या व्हिडिओ गेम पार्लरांत १९९३ चा जो खेळ एका पात्राच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणून प्रसिद्ध होता, तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ही कॅपकॉमचाच, मूळ चित्रकथेचे हक्क परक्याकडे असल्याने तिच्या पुनर्मुद्रित संग्रहांत तो सापडत नाही, याची हळहळ ज्या पिढीने त्यात रुपया-रुपया घातला तिला आजही आहे.)

चूक कबूल करण्याचा धडा मात्र स्क्वेअर एनिक्सकडूनच घ्यावा. ‘फायनल फँटसी’चा चौदावा भाग हा हजारो लोकांनी एकाच वेळी खेळावयाचा खेळ, तो सप्टेंबर २०१० मध्ये इतक्या अपक्व स्थितीत आला, की संस्थेने माफी मागितली, वर्षाहून अधिक काळ मासिक शुल्क घेतले नाही, आणि डिसेंबरात नाओकी योशिदा यांना मुखत्यार नेमले. योशिदा यांनी चालता खेळ दुरुस्त करीत असतानाच दुसरा खेळ पायापासून बांधावयास घेतला, आणि कामाचा तपशील नियमित पत्रांतून खेळाडूंपुढे ठेवला. इकडे जुन्या जगाच्या आकाशात एक तांबडा चंद्र दिसामासाने मोठा होऊ लागला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तो फुटला, त्यातून महाकाय ड्रॅगन प्रकटला, आणि ते जग खेळाडूंच्या देखत जळून गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये नवे जग उभे राहिले. फसलेल्या मालाची अशी अंत्येष्टी, शोकाकुल रसिकांना साक्षी ठेवून, कोणत्या व्यापाऱ्याने केली असेल? डिसेंबर २०२१ मध्ये गर्दी इतकी उसळली, की आत असलेल्यांना खेळणे अशक्य झाले. तेव्हा संस्थेने खेळाची विक्रीच काही आठवडे थांबवली. भरल्या बाजारात दुकानाची फळी ओढून घेण्याचा हा निर्णय, माझ्या मते, तिच्या ताळेबंदातील सर्वांत शहाणपणाची नोंद आहे.

ओढीच्या या व्यापाराची काळी बाजूही आहे. आवडते पात्र मिळावे म्हणून पैसे भरून सोडतीचे तिकीट काढावयास लावणारी ‘गाचा’ पद्धत हे ओढीचे निव्वळ दोहन आहे. तिच्या एका प्रकाराला जपानच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०१२ साली बेकायदा ठरवले, आणि पुढे खेळाडूंच्या संतापानंतर ‘ग्रॅनब्लू फँटसी’सारख्या खेळांत ‘तेनजो’, म्हणजे छत, आले, जेणेकरून ठरावीक सोडतींनंतर तरी इच्छित पात्र हाती पडावे. उलट, २०१९ साली ‘पोकेमॉन’च्या नव्या भागांत सारे प्राणी नसतील असे जाहीर होताच केवढा हलकल्लोळ माजला, आणि तरी ते भाग अडीच कोटींवर खपले. कोलाहलाची उंची आणि खपाचा आकडा यांत काही नाते असतेच असे नाही.

हिदेताका मियाझाकी यांच्या फ्रॉमसॉफ्टवेअरकडे वळताना मला आदराची भावना होते. ‘डार्क सोल्स’ घरगुती संगणकावर यावा, या हजारो सह्यांच्या अर्जाला २०१२ मध्ये मान देण्यात आला. त्यातील चित्रे अंधुक होती, ती एका रसिकाने प्रकाशनाच्या सुमारासच स्वतः छोटी आज्ञावली लिहून स्वच्छ करून दिली. मात्र खेळ सोपा करा, ही मागणी संस्थेने कधीच मानली नाही. दार रुंद करा ही एक विनंती आहे आणि घराचा पाया बदला ही दुसरी, हा भेद तिने जाणला. तरी तिने हट्टही धरला नाही: २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये काठिण्य कमी करणारी कळ नाही, पण वाटेत उभ्या शत्रूपुढे हरलेल्या माणसाला घोड्यावर बसून दुसऱ्या दिशेने निघून जाण्याची, बळ गोळा करून महिन्याने परतण्याची, सोबतीस एखादा आत्मा बोलावण्याची मुभा आहे. मागणी नाकारून तिच्यामागची व्यथा दूर करण्याची ही रीत अडीच कोटींवर लोकांनी पसंत केली.

आज मात्र पुनर्निर्मितीचा सुकाळ झाला आहे, आणि तो मला अस्वस्थ करतो. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा तोच तिसरा भाग नव्या साजात पुन्हा आला आणि पुन्हा लाखोंनी खपला; १९८८ साली रांगेत उभी असलेली मुले आता पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि त्यांतील कितीतरी जणांनी तो दिवस आठवीतच तो विकत घेतला असेल. त्या मालिकेच्या बाराव्या भागाची घोषणा मे २०२१ मध्ये झाली. त्याच वर्षी संगीतकार कोइची सुगियामा वारले, २०२४ च्या मार्चमध्ये चित्रकार अकिरा तोरियामा गेले. आरंभीच्या त्या तिघांपैकी लेखक युजी होरिई तेवढे उरले आहेत, आणि बारावा भाग अजून त्यांच्या मेजावर आहे.