संपीडित हवेद्वारे आंशिक घूर्णन : पाठ्यपुस्तकी मांडणीची एक चिकित्सा

कार्यशाळेतील यंत्रांवर वस्तू उलटवणे, पकड फिरवून बसवणे, सुटा भाग एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी नेणे अशा कामांना पूर्ण फेऱ्याची आवश्यकता नसते; ९० किंवा १८० अंशांचे वळण पुरेसे ठरते. संपीडित हवेच्या साहाय्याने असे वळण देणारे साधन म्हणजे न्यूमॅटिक रोटरी ॲक्च्युएटर. त्याच्या प्रचलित पाठ्यपुस्तकी मांडणीचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या साधनाचे दोन प्रकार रूढ आहेत. एकात दट्ट्या दातेरी पट्टी सरकवतो व ती पट्टी पिनियन फिरवते. दुसऱ्यात गोल कोठीमधील आसाला जोडलेल्या पात्यावर हवेचा थेट दाब पडतो. एका पात्याने सुमारे २७० अंशांपर्यंत वळण मिळते. दोन पाती लावल्यास घूर्णबल दुप्पट होते, परंतु वळण सुमारे १०० अंशांवर येते. हे सारे पुस्तकांत नीटनेटके आढळते. त्यानंतर घूर्णबलाचे सूत्र येते आणि बहुधा विवेचन संपते. आक्षेप आहे तो नेमका या संपण्याला.

एक उदाहरण घेऊ. कोठीची आतील त्रिज्या ३० मिलिमीटर, आसाची १०, पात्याची रुंदी ४० मिलिमीटर आणि दाब ६ बार असल्यास सैद्धांतिक घूर्णबल ९.६ न्यूटन-मीटर येते. आता आसापासून १६ सेंटिमीटरवर २ किलोग्रॅमचा भाग धरलेला हलका बाहू आडव्या पातळीत अर्ध्या सेकंदात ९० अंश फिरवायचा आहे. एकसमान त्वरण गृहीत धरल्यास त्यासाठी जेमतेम ०.६ न्यूटन-मीटर लागते. उपलब्ध बल पंधरापट! विद्यार्थी निश्चिंत होतो. वस्तुतः वळणाच्या शेवटी त्या बाहूत सुमारे १ जूल गतिज ऊर्जा साठलेली असते व ती अडसराला पचवावी लागते. वेळ निम्मी केली की ती चौपट होते. लहान पात्याच्या साधनाची सहनशक्ती जूलच्या अंशात मोजली जाते. तेथे बल कमी पडत नाही, पाते किंवा आस तुटतो. म्हणून निवडीचा पहिला निकष ऊर्जा हाच असावयास हवा आणि धक्काशोषक आसापासून दूर, बाहूवर बसवावयास हवा.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, कारण तिचा संबंध कामगाराच्या बोटांशी आहे. गती आवरण्यासाठी बाहेर पडणाऱ्या हवेचा मार्ग अरुंद करावा, असे शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु यंत्र रात्रभर बंद राहून हवा निघून गेली असेल, तर सकाळच्या पहिल्या वळणात समोरच्या बाजूस आवरणारी हवाच नसते. बाहू झेपावतो. आदल्या दिवशी अचूक बसवलेला गतिनियंत्रक त्या क्षणी निरुपयोगी असतो. पुरवठ्याच्या वाटेवर सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्ह बसवल्यास दाब हळूहळू चढतो आणि बाहू आपल्या टोकाशी संथपणे जाऊन टेकतो. पूर्ण दाब त्यानंतरच मिळतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र हवेने भरलेल्या यंत्राचीच वाचने नोंदवली जातात. रिकाम्या यंत्राचे पहिले वळण, संरक्षक जाळीआडून का होईना, विद्यार्थ्यास दाखवले पाहिजे.