‘द रिअल वर्ल्ड’ : वास्तवाचा दावा आणि उघडे दार

परस्परांना अपरिचित असे सात तरुण-तरुणी न्यूयॉर्कच्या सोहो भागातील एका घरात राहतात आणि कॅमेरे त्यांचे जगणे टिपतात, असे ‘द रिअल वर्ल्ड’ या मालिकेचे स्थूल स्वरूप होते. मेरी-एलिस बुनिम व जोनाथन मरे यांनी निर्माण केलेली ही मालिका मे १९९२ मध्ये अमेरिकेतील एमटीव्ही वाहिनीवर सुरू झाली. तिच्या शीर्षकातील ‘वास्तव’ कितपत खरे, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

प्रारंभी पटकथेवर आधारित मालिकेचा विचार होता. खर्चामुळे तो मागे पडला. मात्र लेखक वगळला तरी लेखन संपले नाही. ते व्यक्तींच्या निवडीत आणि संकलनात शिरले. भिन्न वंशांच्या व पार्श्वभूमीच्या व्यक्ती एकत्र आणणे हीच संघर्षाची पूर्वतयारी होय. घडलेला प्रसंग आणि त्यावरील सहभागींचे निवेदन यांची गुंफण करून त्याला अर्थ दिला जातो. या दृष्टीने मालिकेचा दावा सदोष ठरतो.

तथापि १९९४ मधील सॅन फ्रान्सिस्को येथील पर्व या निष्कर्षास मर्यादा घालते. क्यूबात जन्मलेला पेद्रो झमोरा हा एचआयव्हीबाधित तरुण एड्सविषयक प्रबोधनाचे कार्य करीत असे. त्याची निवड निर्मात्यांच्या हिशेबात बसणारी असेल. परंतु घरात येण्यामागे त्याचाही स्वतंत्र हेतू होता. परिणामकारक संयुक्त औषधोपचार उपलब्ध होण्यापूर्वीच्या त्या काळात, बाधितासह एकाच घरात राहता येते, हे प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिले. अखेरचा भाग प्रसारित झाल्यावर काही तासांतच, ११ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. संकलनाला हा शेवट बदलणे शक्य नव्हते.

येथे घराचे दार उघडे होते, ही बाब महत्त्वाची आहे. रहिवाशांचे काम, नाती आणि शहर त्यांच्यासोबत घरात येत. याउलट २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘बिग बॉस मराठी’त स्पर्धकांचा बाह्य जगाशी संपर्क तोडला जातो व टिकून राहणे हेच साध्य ठरते. दोन्ही कार्यक्रमांना ‘रिअॅलिटी शो’ म्हणून एकत्रितपणे हिणविणारी समीक्षा हा भेद नजरेआड करते. कॅमेऱ्याच्या तटस्थतेपेक्षा, माणूस स्वतःचे जग घेऊन घरात येऊ शकतो काय, हाच अशा कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचा अधिक योग्य निकष होय.