बाई मिळत नाहीत की टिकत नाहीत?

बेल हुक्स यांचं ‘टीचिंग टू ट्रान्सग्रेस’ (१९९४) आपण आज घेतलंय. सुरुवातीलाच त्या केंटकीतल्या आपल्या शाळेविषयी सांगतात. शाळा फक्त कृष्णवर्णीय मुलांची; शिकवणाऱ्या जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया. मुलांची घरं, आईवडील त्यांना ठाऊक. मुलांनी शिकणं हाच वर्णवर्चस्वाला विरोध, ही त्यांची धारणा. पुढे शाळा एकत्र झाल्या आणि ते वातावरण गेलं.

इथवर आम्हाला पटतं. पण मग हुक्स मुख्यतः महाविद्यालयाच्या वर्गाकडे वळतात आणि आपला प्रश्न मागेच राहतो: अशा बाईंच्या नोकरीचं काय झालं?

१९५४ च्या ‘ब्राउन’ निकालानंतर दक्षिणेत एकत्रीकरण झालं, तेव्हा अनेक कृष्णवर्णीय शाळा बंद पडल्या. हजारो शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. २०२०-२१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे १५ टक्के होते, शिक्षक सुमारे ६ टक्के.

म्हणून नुसतं ‘उमेदवार मिळत नाहीत’ म्हणणं अपुरं आहे. ज्या होत्या, त्यांना काढलं, हेही सांगायला हवं ना? आज भरती होते, पण मुलांना शिस्त लावायचं जादा काम अनेकदा यांच्याच माथी येतं आणि निर्णय घेताना मात्र यांना विचारत नाहीत. हे फुटक्या रांजणात पाणी ओतणं झालं.

हुक्स जिव्हाळ्याला शिक्षणाचा गाभा मानतात. आम्हीही मानतो. पण त्याचं मोल पगारात, कामाच्या वाटणीत आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीत दिसलं, तरच बाई टिकतील.